एका वाक्याची दुरुस्ती : ट्रोजन लघुग्रह नक्की कोणी शोधले?

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'लाग्रांज यांनी १७७२ मध्ये वर्तवलेले लघुग्रह १९०६ मध्ये सापडले.' मार्गदर्शकांनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. मला वाटलं, संदर्भ द्यायचा राहिला असेल. पण खोदत गेलो तसं लक्षात आलं, की या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द डळमळीत आहे. तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट करून लवकरच पूर्वपीठिका लिहायला बसाल, म्हणून ही हकीकत.

आधी विषय काय ते बघू. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात. त्याच्याच कक्षेत, त्याच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे, लघुग्रहांचे दोन थवे फिरतात. सूर्य, गुरू आणि थव्याचं केंद्र यांचा समभुज त्रिकोण होतो. पुढचा थवा आज जिथे आहे तिथे गुरू साधारण दोन वर्षांनी पोचतो. हे लघुग्रह त्या बिंदूवर ठाण मांडून बसत नाहीत बरं का. त्याच्या आजूबाजूला दीडेकशे वर्षांच्या संथ लयीत पुढे-मागे डोलत राहतात.

आता 'वर्तवलेले' हा शब्द. लाग्रांज तेव्हा बर्लिनमध्ये होते आणि पॅरिसच्या अकादमीच्या पारितोषिकासाठी त्यांनी तीन वस्तूंच्या गतीवर निबंध लिहिला. हा प्रश्न सर्वसाधारण स्वरूपात सुटत नाही, पण काही खास मांडण्या सुटतात. समभुज त्रिकोण ही त्यातली एक. मात्र सूर्यमालेत असं काही आढळत नाही, हे त्यांनीच नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे भाकीत तर सोडाच, उलट हात झटकले होते! ही मांडणी टिकाऊ असायला काय हवं, ते गाश्यो यांनी १८४३ मध्ये दाखवलं : मोठी वस्तू दुसरीच्या सुमारे २५ पट तरी जड हवी. सूर्य गुरूच्या १०४७ पट जड आहे, म्हणजे अट केव्हाच पूर्ण झालेली. तरीही कोणी शोधायला निघालं नाही.

२२ फेब्रुवारी १९०६ रोजी हायडेलबर्गला माक्स वोल्फ यांच्या छायाचित्रात एक लघुग्रह सापडला. पद्धत त्यांची नेहमीचीच. दुर्बीण ताऱ्यांच्या चालीनं फिरवत ठेवायची आणि काचेवर बराच वेळ प्रकाश घ्यायचा. तारे ठिपके होतात, लघुग्रहाची रेघ उमटते. याच पद्धतीनं ते १८९१ पासून लघुग्रह टिपत होते, लाग्रांजचे बिंदू त्यांच्या डोक्यातही नव्हते. हा नवा गडी मात्र फारच मंद चालत होता, म्हणजे दूर होता. कक्षेचं गणित झाल्यावर स्वीडनमधल्या लुंडच्या शार्लिए यांनी ओळखलं, की हा लाग्रांजच्या त्रिकोणाच्या कोपऱ्याजवळ आहे. एकाला वस्तू सापडली, दुसऱ्याला तिचा अर्थ.

मग वोल्फ यांचे सहकारी ऑगस्ट कोप्फ यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागच्या बाजूला एक आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये पुढे आणखी एक मिळाला. व्हिएन्नाच्या पालिझा यांनी ट्रॉयच्या युद्धातली नावं सुचवली : अकिलीस, पॅट्रोक्लस, हेक्टर. पुढे ग्रीक आणि पुढे नसलेले ते ट्रॉयवाले, हा नियम नंतर ठरला; त्यामुळे ट्रॉयचा हेक्टर कायमचा ग्रीकांच्या छावणीत अडकला आणि ग्रीक पॅट्रोक्लस ट्रॉयवाल्यांच्या. (नियम उशिरा केले की असं होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या फाइलींची नावं बघा एकदा.)

आता मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. १९०४ मध्ये अमेरिकेत यर्कीस वेधशाळेच्या प्रचंड दुर्बिणीतून बर्नार्ड शनीचा नुकताच सापडलेला उपग्रह फीबी शोधत होते. एक अंधुक ठिपका दिसला, त्यांनी त्याची जागा मोजली. त्यांना तो फीबी वाटला, नाहीतर एखादा लघुग्रह. खरा फीबी तिथून अवघा दोन कलांवर होता, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या पंधराव्या भागाइतका. तो ठिपका गुरूचा ट्रोजन होता, वोल्फ यांच्या दोन वर्षं आधीचा. हे कळलं १९९९ मध्ये, १२१२६ क्रमांकाच्या लघुग्रहाची कक्षा काढून ती मागे नेली तेव्हा.

बर्नार्ड म्हणजे त्या काळातला अत्यंत तीक्ष्ण नजरेचा निरीक्षक, त्यामुळे 'दुर्लक्ष केलं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकट्या मोजमापातून कक्षा निघत नाही, आणि त्यांना हवा होता फीबी. पण ठिपका ओळखता आला नाही म्हणून त्यांनी नोंद खोडली नाही, म्हणून तर ९५ वर्षांनी ती कोणाला तरी जुळवता आली. मी मात्र गेल्या वर्षी न जुळणारे दोन बिंदू 'उपकरणाची चूक' म्हणून आलेखातून सरळ काढून टाकले होते. ते कच्च्या फाइलीत अजून आहेत, हे या निमित्तानं उघडून पाहिलं.

माझ्या त्या एका वाक्याच्या जागी आता चार वाक्यं आहेत आणि त्यात पाच माणसांची नावं. मसुदा परत आलाय. या खेपेला प्रश्नचिन्ह नाही, फक्त 'शोध' या शब्दाखाली पेन्सिलीची एक रेघ आहे.