चार पट्ट्यांचा आकाशदिवा

दसऱ्याची आपट्याची पानं वाळायच्या आत माझ्या भाचीचा फोन येतो. "मावशी, हीर काढून ठेवलेस का गं?" ती सहा वर्षांची आहे. दिवाळीचा फराळ, नवे कपडे, फुलबाज्या हे सगळं तिच्या यादीत नंतर येतं. आधी हीर. कारण हीर असले की आकाशकंदील सुरू होतो.

हीर म्हणजे नारळाच्या झावळीच्या पातीचा मधला कणा, ज्याचा खराटा बांधतात. मोठ्यांच्या कंदिलाला बांबूच्या कामट्या लागतात. त्या बुरुडाकडून आणायच्या आणि सुरीने तासून गुळगुळीत करायच्या. कामटीची धार मात्र कोवळ्या बोटांना सहज कापते. हीर वाकतो, कापत नाही, आणि एका खराट्यात चाळीभर पोरांचे कंदील होतात. जाड बुडख्याकडचा वीतभर तुकडा घ्यायचा, निमुळतं टोक टाकून द्यायचं. असे चोवीस तुकडे, सगळे एका मापाचे. मापात फसवलं की कंदील शेवटी फसवतो.

या कंदिलाचं कूळ शोधू लागलं की वाट थेट देवगिरीला जाते. यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात हेमाद्री होता. मराठी माणूस त्याला हेमाडपंत म्हणून ओळखतो. व्रतं, दानं, तीर्थं यांचा त्याचा अवाढव्य संस्कृत ग्रंथ म्हणजे 'चतुर्वर्गचिंतामणी'. पुढे काशीच्या कमलाकरभट्टांनी 1612मध्ये 'निर्णयसिंधु' पुरा केला. त्यांचं घराणं मूळचं पैठणचं. कार्तिकातल्या आकाशदिव्याचा विधी सांगताना ते हेमाद्रीचा आधार घेतात आणि आदिपुराणातलं वर्णन देतात. सूर्य तूळ राशीत असताना, संध्याकाळी, तिळाच्या तेलाचा हा दिवा विष्णूसाठी लावायचा.

दिवा घडवायचा कसा, हे त्यात सुताराला सांगावं इतक्या बारकाईने सांगितलं आहे. सूर्य मावळला की घराजवळच पुरुषभर उंचीचा, यज्ञातल्या यूपासारखा खांब रोवायचा, आणि तोही यज्ञाला चालणाऱ्या झाडाच्या लाकडाचा. त्याच्या माथ्यावर दोन हात लांबीच्या चार पट्ट्या बसवायच्या. प्रत्येक पट्टीला मधोमध भोक. चारही पट्ट्या मध्यावर एकमेकींवर आडव्यातिडव्या घातल्या की आठ टोकं आठ दिशांना जातात आणि अष्टदल कमळ होतं. कमळाच्या मध्यात मोठा दिवा, आठ पाकळ्यांवर आठ दिवे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून दोन फूटपट्ट्या आणि दोन पेन्सिली एकमेकींवर ठेवून पाहिल्या. लाकडाच्या पट्ट्या, मध्यावर जुळणी, आठ दिशा, मध्ये उजेड. आपण दरवर्षी जो सांगाडा बांधतो त्याचं हाड हेच आहे. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दिवा घडवायचा कसा, लाकूड कोणतं, लांबी किती, भोक कुठे, यावर या वर्णनाने मनापासून शब्द खर्च केले आहेत. आकाशदिवा ही पहिल्यापासून हाताने जुळवायची वस्तू आहे.

उघड्या दिव्याला वारा लागतो, म्हणून त्याला आडोसा आला. काशीच्या घाटांवर आजही कार्तिकभर उंच बांबू उभे असतात आणि त्यांच्या टोकाला वेताच्या टोपल्यांत दिवे ठेवून दोरीने वर चढवतात. पितरांना वाट दिसावी म्हणून, असं तिथे सांगतात. दिवाळीत हाती पेटती चूड घेऊन पितरांना मार्ग दाखवण्याचा आचारही जुन्या ग्रंथांत आहे. दोरीचं कारण साधं आहे. दिवा रोज खाली घ्यायचा, तेल घालायचं, वात सारायची आणि पुन्हा वर चढवायचा. माझ्या आजोळी वळचणीला एक लाकडी कप्पी होती. विजेचा दिवा येऊन कैक वर्षं झाली तरी ती काढायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि कंदील तिच्यावरूनच चढायचा. दोरी ओढायचा मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा.

आता शब्दाकडे येऊ. काही घरांत अजून 'आकाशदिवा'च म्हणतात, पण रूढ झाला तो आकाशकंदील. नुसता 'कंदील' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो काचेचा, रॉकेलचा, गोठ्यात टांगलेला. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत तो अरबीतून आला, अरबीत ग्रीकच्या वाटेने, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'कांदेला'मध्ये आहे. इंग्रजीतला 'कँडल' तिथूनच निघाला. कांदेला ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ उजळणं, शुभ्र चमकणं, आणि त्याच कुळातला संस्कृत शब्द म्हणजे चंद्र. त्यामुळे आकाशकंदील हा शब्द संस्कृत आणि अरबी यांची नुसती मोळी राहत नाही. आकाशाजवळ जो कंदील बसला तो चंद्राचा लांबचा भाऊबंद निघाला. भाषेने असं नातं जुळवून दिलं की मला फार आनंद होतो.

कागदाचं मूळही देवगिरीच्याच आसपास सापडतं. दौलताबादहून, म्हणजेच जुन्या देवगिरीहून, खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं. तुघलकाने 1327मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, त्या काळापासून कागद करणाऱ्यांची वस्ती या गावात आहे असं सांगतात. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. या हातकागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला खळ लावत आणि ती वाळली की गुळगुळीत दगडाने घोटत. घोटलेला तो घोटीव. आज दुकानात रंगीत, चकचकीत कागदाचा ताव मागताना आपण 'घोटीव कागद' म्हणतो, तेव्हा त्या दगडाची आठवण नकळत जिभेवर येते. कंदिलाला मात्र पातळ पतंगी कागद बरा. त्यातून उजेड झिरपतो.

खळ तर घरचीच हवी. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळी न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. पूर्वी कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतो, मुलं हात घालणार असतील तर तो मुळीच नको. ताजी खळ करा, उरलेली फेका. कोमट खळीत बोट बुडवायला मिळणं, हा माझ्या भाचीच्या मते सगळ्या दिवाळीतला उत्तम भाग आहे.

बांधणी अशी. चार हिरांचा एक चौकोन, असे चार चौकोन दोऱ्याने बांधायचे. मग ते टोकावर उभे करून, शंकरपाळ्यासारखे, शेजारच्याशी कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पुरा करायचा. सोळा हीर संपले. वरची चार टोकं चार हिरांनी जोडायची, खालची चार टोकं उरलेल्या चारांनी. मुलाने दोन हीर जिथे एकमेकांवर येतात तिथे चिमटीत धरायचे आणि मोठ्याने गाठ मारायची. हे काम एकट्याने करता येत नाही, चार हात लागतातच.

तयार होते ती बारा कोपऱ्यांची, चोवीस सारख्या कडांची आकृती. सहा चौकोन, आठ त्रिकोण. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींपैकी ही एक. योहानेस केप्लरने 1619मध्ये तिला आज रूढ असलेलं नाव दिलं, म्हणजे निर्णयसिंधु पुरा झाल्यावर सातच वर्षांनी. तिची एक खुबी मुलांना आवर्जून दाखवावी. कंदिलाच्या पोटातल्या मध्यबिंदूपासून कुठल्याही कोपऱ्याचं अंतर एका हिराएवढंच असतं. बल्ब मध्यावर टांगला की तो बाराही कोपऱ्यांपासून एक हीर दूर. म्हणून तर उजेड सगळ्या कोपऱ्यांपर्यंत सारखा पोचतो.

बांधून झाला की सांगाडा डुगडुगतो. मुलांचा चेहरा पडतो. दोष गाठींचा नसतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र दाबला की कलतो, आणि इथे सहा चौकोन आहेत. आता कागद लावा. उभ्या चौकोनांना एक रंग, त्रिकोणांना दुसरा, वरचा चौकोन बल्बसाठी उघडा आणि खालचाही उघडा. खळ वाळता वाळता कागद ताणला जातो, चौकोनांना कलू देत नाही, आणि तासाभराने तोच सांगाडा ताठ उभा असतो. गेल्या वर्षी भाचीने त्याला दर पाच मिनिटांनी बोट लावून पाहिलं. शेवटी ओरडली, "मावशी, आता हा हलत नाही!"

मग जोडांवर चुण्या पाडलेल्या कागदाच्या करंज्या, कडांना झिरमिळ्या, खालच्या चार कोपऱ्यांना लांब शेपट्या. इथे मोठ्यांनी उठून चहाला जावं. रंग कुठला, शेपटी किती लांब, हा कारभार मुलांचा.

अगदी तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी हिरांचीही गरज नाही. घोटीव कागदाचा आयत लांबीत दुमडायचा. दुमडलेल्या बाजूकडून बोटभर अंतरावर काप द्यायचे, सुट्या कडेकडे दोन बोटं जागा सोडून थांबायचं. उलगडून नळी करून चिकटवली की मधले काप फुगून बाहेर येतात. वर कागदाचीच कडी. बालवाडीत हा कंदील हमखास होतो. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजूबाजूला फुकट मिळणाऱ्या पानांतून, बियांतून, काड्यांतून शिकवण्याची साधनं उभी केली, त्या विचाराशी ही कागदाची नळी मला जवळची वाटते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कंदील आला आणि देवघराबाहेरच्या खांबावरचा विधी पोरांच्या हाती गेला. मला यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. तिळाचं तेल गेलं, यूपाचा खांब गेला, पण पट्ट्या जुळवण्याचं मूळ काम मुलांनी टिकवलं.

हेच काम नाताळातही दिसतं. गोव्यात आणि वसईकडे ख्रिस्ती घरांपुढे लागणाऱ्या चांदणीला त्याच बांबूच्या काड्या आणि तोच पातळ कागद लागतो. काही आठवड्यांच्या अंतराने दोन सणांची मुलं एकाच प्रकारच्या खळीत हात बुडवतात.

बाजारचा कंदील वाईट असं मी म्हणणार नाही. माहीमच्या कंदील गल्लीत हाताने कंदील बांधणाऱ्यांचं कसब पाहायला मी मुद्दाम जाते. थर्माकोलवर राज्याने 2018मध्ये बंदी घातली तेव्हापासून कागद आणि कापड पुन्हा दिसू लागलं, याचाही आनंद आहे. पण विकतचा लावायचा असेल तरी त्याच्या शेजारी एक घरचा असू द्या. वसुबारसेच्या आधीचा एक रविवार राखून ठेवा. खराटा, दोऱ्याचं रीळ, दोन रंगांचे पतंगी कागद, वाटीभर मैदा, आणि आत न तापणारा लहान एलईडी दिवा. पणती नको. कोपरा वाकडा राहिला तर नीट करायला हात घालू नका.

गेल्या वर्षीच्या आमच्या कंदिलाच्या एका त्रिकोणावर खळीचा डाग होता. दिवसा दिसायचा नाही. संध्याकाळी बटण दाबलं की त्या जागी पाच बोटांची छोटी सावली उमटायची. कंदील डावीकडे कललेला होता, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला.