आर्म चिपची कुळकथा

आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनचा प्रोसेसर 'आर्म' या आराखड्यावर बेतलेला असतो. या आराखड्याचं मूळ गाव इंग्लंडमधलं केंब्रिज.

तिथल्या आठशे वर्षं जुन्या विद्यापीठातून बाहेर पडून धंद्यात उतरण्याची वाट तशी जुनीच. चार्ल्स डार्विनचे चिरंजीव होरेस डार्विन यांनी ट्रिनिटी कॉलेजातून पदवी घेतली आणि १८८१ मध्ये गावातच वैज्ञानिक उपकरणांचा कारखाना उभारला. पुढे १९७८ मध्ये केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले हर्मन हाउझर यांनी ख्रिस करी यांच्यासह 'एकॉर्न' ही संगणक कंपनी काढली. विद्यापीठातल्या हुशार मुलामुलींवर हाउझर यांची नजर असेच. गणित आणि संगणकशास्त्र शिकलेल्या सोफी विल्सन आणि वायुगतिकीत संशोधन केलेले स्टीव्ह फर्बर त्यांना तिथेच भेटले.

१९८१ मध्ये बीबीसीला संगणक-शिक्षणाच्या कार्यक्रमासाठी एक यंत्र हवं होतं. या मंडळींनी आठवड्याभरात नमुना उभा केला आणि काम मिळवलं. 'बीबीसी मायक्रो' दहा लाखांवर खपला. 'क्लास' प्रकल्पातून तो भारतातल्या शाळांतही आला.

आता पुढच्या संगणकासाठी जास्त ताकदीचा प्रोसेसर हवा होता आणि बाजारातला एकही पसंत पडेना. त्याच सुमारास बर्कली विद्यापीठातले शोधनिबंध हाती आले: मोजक्या, सोप्या आज्ञांवर चालणारा प्रोसेसर तिथे विद्यार्थ्यांनी रचला होता. १९८३ मध्ये विल्सन आणि फर्बर अमेरिकेतल्या फिनिक्स शहराजवळ एका नामांकित प्रोसेसर कंपनीत गेले. तिथला कारभार एका साध्या घरातून, मूठभर माणसांवर चाललेला पाहून दोघांची भीड चेपली. विल्सननी आज्ञासंच आखला, फर्बरनी अंतर्गत रचना बांधली.

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली आर्म चिप आली आणि पहिल्याच दिवशी चालली. तिच्यात सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. त्याच वर्षीच्या इंटेल ८०३८६ मध्ये २,७५,०००. चिपला महागडं सिरॅमिकचं आवरण परवडणार नव्हतं. स्वस्त प्लॅस्टिक उष्णता कमी झेलतं; ते वापरायचं तर वीज एका वॅटच्या आत ठेवणं भाग होतं. विजेचा नेमका वापर आधी मोजण्याची साधनं नव्हती, म्हणून जागोजागी हात आखडला गेला. शेवटी वापर भरला वॅटच्या दहाव्या हिश्श्याएवढा. फर्बरनी वीज मोजायला घेतली तेव्हा काटा शून्यावर होता: वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता, आणि इतर तारांतून झिरपणाऱ्या विजेवर चिप चालू होती!

एकॉर्न त्याच सुमारास आर्थिक अडचणीत आली होती, पण चिप तरली. नोव्हेंबर १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून स्वतंत्र आर्म कंपनी काढली, बारा अभियंत्यांची. कारखाना उभारण्याइतकं भांडवल नव्हतं. तेव्हा आराखडा द्यायचा, परवान्याची फी घ्यायची आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक चिपमागे स्वामित्वधन घ्यायचं, असा धंदा रॉबिन सॅक्सबी यांनी बसवला. बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलला हीच कमी विजेची चिप हवी होती. नोकियाच्या ६११० पासून तिचे दिवस पालटले.

आवरणाचा खर्च वाचवताना चिपला तिचा सर्वांत मोठा गुण मिळाला आणि कारखाना परवडत नसल्यामुळे कंपनीला तिचा धंदा. विद्यापीठाने या पदवीधरांना पैसा दिला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा निबंध वाचून 'हे आपल्यालाही जमेल' असं ओळखण्याची तयारी मात्र केंब्रिजमध्येच झाली होती, आणि या उद्योगाचं खरं भांडवल तेच होतं.