त्स्वेंटेनडॉर्फचा कौल

व्हिएन्ना नगरीच्या पश्चिमेस, डॅन्यूबच्या काठी, टुल्लनच्या सपाट व सुपीक प्रदेशात त्स्वेंटेनडॉर्फ नावाचे एक खेडे आहे, आणि त्याच्या शिवारात १९७२ साली ऑस्ट्रियाने आपल्या पहिल्या अणुविद्युत केंद्राचे बांधकाम आरंभले. ज्या व्हिएन्नात १९५७ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे ठाणे आहे, आणि जेथील त्या संस्थेच्या बैठकीस जात असताना आपले होमी भाभा १९६६ च्या जानेवारीत माँ ब्लाँवरील विमान अपघातात कालवश झाले, त्या राजधानीच्या देशाने अणुशक्तीकडे आशेने पाहावे हे स्वाभाविकच होते. आल्प्समधून येणाऱ्या प्रवाहांवर वीज मुबलक होई खरी, परंतु हिवाळ्यात नद्यांचे पाणी उतरे आणि मागणी नेमकी तेव्हाच चढे. ही उणीव भरून काढण्यासाठी आपल्या तारापूरसारखीच, म्हणजे भट्टीतच पाणी उकळून त्या वाफेवर जनित्र फिरवणारी, सुमारे ७०० मेगावॉट क्षमतेची अणुभट्टी उभी राहिली.

विरोध प्रथम तीव्र झाला तो मात्र डॅन्यूबकाठी नव्हे, तर देशाच्या पार पश्चिम टोकाच्या व्होराल्बर्ग प्रांतात. ऱ्हाईनपलीकडे, स्वित्झर्लंडच्या हद्दीतील रूती येथे अणुकेंद्र योजिले गेले होते, आणि परक्या सरकारच्या निर्णयाची झळ आपल्या कुरणांना लागेल या भीतीने तेथील लोक आधीच जागे झाले होते. हळूहळू वैज्ञानिक, माता, विद्यार्थी असे नाना तऱ्हेचे लोक चळवळीस मिळाले. भूकंपाची शंका निघाली, आणि वापरलेले इंधन अखेर ठेवायचे कोठे, या प्रश्नाला तर सरकारपाशी समाधानकारक उत्तरच नव्हते.

चॅन्सेलर ब्रूनो क्रायस्की यांनी शेवटी हा वाद जनतेपुढे ठेवला. कौल विरुद्ध गेल्यास आपण पद सोडू, असे त्यांनी सूचित केल्यामुळे अणुशक्तीला अनुकूल असलेल्या काही विरोधकांनीही केवळ त्यांना पायउतार करण्यासाठी नकार दिला, असे मानले जाते. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सुमारे ३२ लाख मतांतून अवघ्या ३० हजारांच्या फरकाने, म्हणजे ५०.४७ टक्के मतांनी, केंद्र नाकारले गेले. व्होराल्बर्गमध्ये नकाराचे प्रमाण ८४ टक्क्यांच्या घरात होते. क्रायस्की पदावर राहिले, आणि पुढच्याच वर्षी पूर्वीपेक्षा मोठ्या बहुमताने निवडून आले. डिसेंबरात संसदेने अणुविजेला मनाई करणारा कायदा मंजूर केला. पूर्ण बांधलेली, इंधनही येऊन दाखल झालेली भट्टी एक क्षणही पेटली नाही.

लोकांना विचारले हे योग्यच झाले, असे माझे निश्चित मत आहे; विस्तीर्ण देशात एखादे केंद्र दूरच्या जिल्ह्याची बाब ठरू शकते, परंतु लहान देशात ते प्रत्येकाच्या दाराशी असते, आणि म्हणून प्रत्येकाची संमती हवी. दोष आहे तो वेळेचा. जो प्रश्न पायाचा पहिला दगड बसण्याआधी विचारावयाचा, तो खजिन्यातून अब्जावधी शिलिंग खर्ची पडल्यावर विचारला गेला, आणि त्यामुळे इन्कार करणाऱ्याला राष्ट्राच्या नुकसानीचा धनी ठरवले जाण्याची पाळी आली. शिवाय नकारालाही किंमत असतेच: जवळच ड्यूर्नरोर येथे त्याऐवजी कोळशाचे वीजकेंद्र उभे राहिले, आणि त्याचा धूर हवेत गेलाच.

१९८५ पर्यंत भट्टी चालू होण्याच्या आशेने जपून ठेवली होती. तो नाद तेव्हा सोडला गेला, आणि पुढच्याच वर्षी चेर्नोबिल घडले. १९९९ मध्ये ऑस्ट्रियाने अणुमुक्ततेला घटनात्मक कायद्याचेच रूप दिले. तरीही सीमेपलीकडे, झेक प्रजासत्ताकातील टेमेलिन येथे, २००० साली पहिली भट्टी सुरू झालीच. ऑस्ट्रियन नागरिकांनी सीमेवरील रस्ते अडवले. त्याच वर्षी डिसेंबरात डॅन्यूबकाठच्या मेल्क येथे युरोपीय आयोगाच्या मध्यस्थीने तडजोड झाली, आणि तीत व्हिएन्नाच्या पदरी सुरक्षेच्या तपासणीची व माहितीच्या देवाणघेवाणीची हमी पडली. टेमेलिन चालूच राहिले.