लातूर रेल्वे स्थानक

लातूर रेल्वे स्थानक : मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातील स्थानक. लातूरला पहिली गाडी आणली ती बार्शी लाइट रेल्वेने, १९११ साली. इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या पुढाकाराने ही कंपनी १८९५ मध्ये लंडनला स्थापन झाली. १८९७ मध्ये बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी, १९०६ मध्ये पंढरपूर, १९०७ मध्ये तडवळे आणि त्यानंतर निजामाच्या मुलखातील लातूर, असा हा मार्ग वाढला. १९२७ मध्ये तो मिरजेला पोहोचला, तेव्हा त्याची लांबी सुमारे ३२५ किमी. झाली होती.

रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट (७६२ मिमी.) होते. प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉप यांचा दंडक होता. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरत. डबे आणि वाघिणी एकाच, २५ फुटी सांगाड्यावर बांधलेल्या असत. इंजिन व डब्यांची चाचणी आधी लीड्सजवळ रूळ टाकून घेतली गेली आणि मगच ते हिंदुस्थानात आले. ‘लाइट’ हा शब्द नावापुरता नव्हता. थोड्या भांडवलात आडबाजूच्या बाजारपेठा जोडण्याची ती पूर्ण विचारांती केलेली योजना होती, आणि बालाघाट चढून लातूरपर्यंत रेल्वे पोहोचली ती त्या योजनेमुळेच.

लातूरची आडत बाजारपेठ या गाडीसोबत वाढली. शहराच्या मध्यवर्ती गोलाकार बाजारपेठेचा, गंजगोलाईचा, आराखडा १९१७ चा, म्हणजे रेल्वेनंतर सहा वर्षांनी आखलेला. मुंबईकडे जाणारा माल मात्र कुर्डुवाडीला वाघिणीतून उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. ही दुहेरी हमाली मार्गाची खरी दुखरी बाजू होती, आणि ती रुंदीकरणापर्यंत संपली नाही.

१ जानेवारी १९५४ रोजी सरकारने रेल्वे ताब्यात घेतली. लातूर–धाराशिव पट्टा सप्टेंबर २००७ मध्ये आणि धाराशिव–कुर्डुवाडी ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. जुन्या मार्गाने धाराशिव शहर बाजूला ठेवले होते. तेथील लोकांना गाडीसाठी येडशी गाठावी लागे. नव्या मार्गाने ती चूक दुरुस्त केली. अरुंद रूळ उखडले गेले, तरी ‘जुनी रेल्वे लाईन’ हा लातुरात आजही पत्ता आहे. त्या वाटेची खूण शहराने जपायला हवी.

२०१६ च्या दुष्काळात शहराला प्यायला पाणी उरले नाही. तेव्हा मिरजेहून दहा टँकरांची गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात आली. पुढे पन्नास टँकरांच्या गाड्या धावल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही पाण्याची वाट बार्शी लाइटनेच घालून दिलेली होती.