वर्गातली जागा : शाळेतील परिचारिका आणि अपस्मार

प्राथमिक शाळेत माझ्या बाकावरच्या मुलाला एकदा फिट आली. कोणी कांदा फोडला, कोणी चप्पल नाकाशी धरली, गुरुजींनी दातांत चमचा अडकवला. तो शुद्धीवर आला, घरी गेला आणि पुन्हा शाळेत दिसला नाही. शाळेतील परिचारिकांचा इतिहास वाचू लागलो तो त्या रिकाम्या जागेमुळे.

अमेरिकेत या इतिहासाची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. तिथे संसर्गाच्या भीतीने निरीक्षक मुलांना घरी धाडत; उपचारांचे कोणी बघत नसे. ऑक्टोबर १९०२ मध्ये लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स या परिचारिकेला महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांत पाठवले. उवा, खरूज, नायटा यांवर त्या शाळेतच उपचार करत आणि घरी जाऊन आईला समजावत. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात १०,५६७ मुले घरी पाठवली गेली होती. पुढच्या सप्टेंबरात १,१०१.

अपस्माराच्या बाबतीत मात्र त्याच राज्याची वाट उलटी होती. १८९६ मध्ये सुरू झालेली क्रेग कॉलनी ही अपस्माराच्या रुग्णांची वसाहत शहरापासून शेकडो किलोमीटर दूर, शेतांच्या मधोमध होती. हेतू दयेचा होता, पण तिथे गेलेले मूल गावाला आणि वर्गाला दुरावे.

चित्र पालटले ते औषधांनी. १९१२ मध्ये फेनोबार्बिटलचा गुण कळला; १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले. त्याने झटके आवरत आणि गुंगीही कमी येई. पुढे १९७३ आणि १९७५ च्या कायद्यांनी अशा मुलांचा शाळेवरचा हक्क मान्य केला, आणि तो रोजच्या रोज निभावण्याचे काम बरेचसे परिचारिकेकडे आले. झटका कधी आला, किती मिनिटे टिकला, गोळी चुकली होती का, याची नोंद ती ठेवते. मध्येच टक लावून बसणारे मूल आळशी नसून त्याला झटका येत असेल, हे शिक्षकांच्या ध्यानात आणून देते. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, असे शिकवते. पाच मिनिटांनंतरही झटका थांबला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेले तातडीचे औषध देते. असे एक डायझेपामचे जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झाले.

आपल्याकडे २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ पालघरला झाला. त्याच्या तपासणीच्या यादीत झटक्यांचे विकार आहेत, पथकात परिचारिकाही असते. पण हे पथक शाळेत येते वर्षातून एकदा-दोनदा. फिट आली की समोर असतात ते शिक्षकच. आमच्या गुरुजींना मी दोष देत नाही. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते. आजच्या शिक्षकांना एका दुपारात सांगता येईल.