एकोणपन्नास सेकंद

मागचा भाग झाल्यावर बडोद्याहून एका ताईंचा निरोप आला. त्यांनी विचारलं होतं, "बँकेत समानता, शाळेत समानता, सगळं मान्य. पण माझं घर पेटलं असेल, आई वरच्या मजल्यावर अडकली असेल, तर शिडी चढून येणारी व्यक्ती तिला उचलू शकते की नाही एवढंच मला हवंय. तिथे समानतेचं काय काम?"

प्रश्न चांगला आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. गेली पन्नास वर्षं जगातल्या अनेक न्यायालयांत हाच प्रश्न फिरतो आहे. वकिलांची भाषा वेगळी असते, एवढंच. त्यातला एक खटला मला फार आवडतो. ज्यावर तो सगळा उभा आहे ती गोष्ट एक मिनिटाहूनही लहान आहे, म्हणून आज तोच सांगते.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. डोंगर आणि मैलोन् मैल सूचिपर्णी जंगल. उन्हाळ्यात तिथे वणवे लागतात. धूर दिसला की आग पसरायच्या आत एक लहान तुकडी तिथे पाठवतात. पाठीवर पंप, हातात पाइप आणि कुऱ्हाडी-फावडी घेऊन ही माणसं चढ चढतात आणि वणवा लहान आहे तोवर त्याला घेरतात. गोल्डन नावाच्या वनविभागात १९९२ मध्ये अशा तुकडीत टॉनी मेयोरिन ही तरुणी लागली. तिने काम चांगलं केलं. वरिष्ठांची तक्रार नव्हती आणि तिच्यामुळे कुणाचा जीव धोक्यात आला असंही कधी घडलं नव्हतं.

१९९४ मध्ये सरकारने नवी शारीरिक चाचणी लागू केली. तिचे चार भाग होते. उठाबशांसारखा पोटाचा व्यायाम, वजन वर ओढणं, पंप उचलून नेणं व पाइप ओढणं, आणि चौथा भाग धावण्याचा: अडीच किलोमीटर, ११ मिनिटांत. पहिले तीन भाग मेयोरिन पास झाली. लक्षात घ्या, पंप आणि पाइप, म्हणजे प्रत्यक्ष कामाशी ज्याचा थेट संबंध, त्यात ती पास होती. धावण्यात तिने चार वेळा प्रयत्न केला. तिची सगळ्यात चांगली वेळ ११ मिनिटं ४९.४ सेकंद होती.

त्या एकोणपन्नास सेकंदांवर तिची नोकरी गेली.

आता सरकारची बाजूही ऐका. ही चाचणी कुणा खलनायकाने बायकांना हाकलण्यासाठी रचलेली नव्हती. १९९१ मध्ये मृत्यूच्या एका चौकशीच्या अहवालात शिफारस झाली होती की वणव्याच्या आघाडीवर शारीरिकदृष्ट्या सक्षम माणसंच पाठवावीत. शिफारस रास्तच होती. म्हणून सरकारने व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या संशोधकांना बोलावलं. त्यांनी काम करणाऱ्या माणसांची मोजमापं घेतली आणि सांगितलं की शरीराला दर किलो वजनामागे मिनिटाला ५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरता आला पाहिजे. ही क्षमता मोजायची सोपी रीत म्हणजे ती अडीच किलोमीटरची धाव.

कागदावर सगळं नीट दिसतं. गोम मोजमापात होती. संशोधकांनी मुख्यतः चांगले, कसलेले जवान मोजले आणि त्यांची सरासरी हीच किमान अट करून टाकली. आपल्याकडे एखाद्या शाळेने वर्गातले सरासरी गुण हेच पासिंगचे गुण ठरवले तर काय होईल? निम्मा वर्ग नापास होईल, आणि त्या निम्म्या मुलांना विषय येतच नव्हता असं मात्र सिद्ध होणार नाही. शिवाय त्यांच्या एका अभ्यासात ७७ पुरुष होते आणि स्त्रिया फक्त दोन. स्त्रियांवर या चाचणीचा काय परिणाम होतो ते वेगळं तपासा, असं संशोधकांनी स्वतःच सुचवलं होतं. सरकारने ते तपासल्याचा पुरावा न्यायालयासमोर आलाच नाही.

परिणाम काय झाला, तो आकड्यांत दिसतो. पुरुष अर्जदारांपैकी ६५ ते ७० टक्के पहिल्याच प्रयत्नात पास होत होते आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के. सराव केला तर बहुतेक पुरुष त्या पातळीला पोचू शकतात, पण शरीररचनेमुळे बहुतेक स्त्रिया सराव करूनही पोचू शकत नाहीत, असा पुरावा पुढे आला.

मेयोरिनच्या कामगार संघटनेने तक्रार दाखल केली. लवादाने निकाल तिच्या बाजूने दिला, कारण ती धाव न जमणारी व्यक्ती हे काम सुरक्षितपणे करू शकत नाही, हे सरकारला दाखवता आलं नाही. प्रांताच्या अपील न्यायालयाने १९९७ मध्ये तो निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं असं की चाचणी सगळ्यांना सारखीच आहे, मग भेदभाव कुठला? उलट बायकांसाठी पट्टी खाली आणली तर नापास झालेल्या पुरुषांवर अन्याय होईल.

खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे पटलं होतं. आपल्या प्रत्येक भरतीच्या मैदानाबाहेर हेच वाक्य ऐकू येतं. सगळ्यांना एकच नियम, मग तक्रार कसली?

प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ सप्टेंबर १९९९ रोजी निकाल लागला, एकमताने. तो न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅक्लाक्लिन यांनी लिहिला. पुढच्याच वर्षी त्या कॅनडाच्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश झाल्या. बायकांना सूट द्या, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही. न्यायालयाने मालकाला तीन गोष्टी विचारल्या. ही अट कामाशी निगडित अशा हेतूसाठी आहे का? ती प्रामाणिकपणे, गरज वाटली म्हणून घातली का? आणि तो हेतू साधायला ती खरोखर आवश्यक आहे का, म्हणजे जी व्यक्ती ती पुरी करू शकत नाही तिला सामावून घेताना मालकाला सोसणार नाही इतका त्रास होईल का? पहिल्या दोन प्रश्नांत सरकार पास झालं. तिसऱ्यात अडकलं. एवढी ऑक्सिजनक्षमता नसेल तर वणवा सुरक्षितपणे विझवता येत नाही, याचा विश्वासार्ह पुरावा नव्हता. पुरुषांच्या बाबतीतही नव्हता, हे विसरू नका. मेयोरिनला नोकरी परत मिळाली आणि बुडालेला पगारही.

बडोद्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तुम्ही विचारलंत, ती उचलू शकते का? न्यायालयानेही तेच विचारलं: ती काम करू शकते का? सरकारने मोजलं होतं ते वेगळंच काहीतरी.

आता याच्या आधीचा न्यूयॉर्कचा खटला, कारण तिथे गोष्ट इतकी सरळ संपत नाही. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने पहिल्यांदा स्त्रियांना परीक्षेला बसू दिलं. ब्रेंडा बर्कमन तेव्हा कायद्याची विद्यार्थिनी होती आणि मॅरेथॉन धावायची. लेखी परीक्षा अनेक जणी पास झाल्या. शारीरिक चाचणीत एकही नाही. एकही नाही म्हटल्यावर कुणालाही शंका यावी. बर्कमनने खटला भरला. मार्च १९८२ मध्ये न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी निकाल दिला की ही चाचणी प्रत्यक्ष कामाशी जुळते हे शहराला सिद्ध करता आलेलं नाही. नवी चाचणी झाली आणि त्याच वर्षी सुमारे चाळीस स्त्रिया दलात आल्या.

मला वाटतं, खरी परीक्षा इथून सुरू झाली. अग्निशमन केंद्र म्हणजे नुसती कचेरी नव्हे, तिथे माणसं एकत्र रांधतात, एकत्र जेवतात, एकत्र झोपतात. त्या टेबलावर तुमच्याशी कुणी बोलतच नसेल, तर आगीत तुमच्या मागे कोण उभं राहणार? या स्त्रियांनी बहिष्कार सोसला, छळ सोसला. परिविक्षेचा काळ संपताना बर्कमन आणि तिची सहकारी झायदा गोन्झालेझ या दोघींना नालायक ठरवून काढलं. त्या पुन्हा न्यायालयात गेल्या आणि १९८३ च्या अखेरीस सिफ्टन यांनी दोघींना परत घ्यायला लावलं. बर्कमन पुढे कॅप्टन झाली. ११ सप्टेंबर २००१ रोजी तिला सुट्टी होती, तरी ती घटनास्थळी धावून गेली.

पण १९८७ मध्ये अपील न्यायालयाने नंतरच्या एका चाचणीबाबत शहराची बाजू उचलून धरली. आगीत वेगाला आणि ताकदीला किंमत आहे, त्यावर गुणानुक्रम लावला तर चूक नाही, असा त्याचा सूर होता. मला हा निकाल मूर्खपणाचा वाटत नाही. त्याचा परिणाम मात्र बघा: दलात अकरा हजारांवर जवान असताना २००१ मध्ये त्यांतल्या स्त्रिया होत्या साधारण पंचवीस. जवळपास वीस वर्षांनी संख्या वाढायची ती घटली होती.

"बायकांना हे झेपत नाही" असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी १९४० च्या लंडनची आठवण करून देते. जर्मन बॉम्ब पडत होते आणि पुरुष कमी पडत होते, तेव्हा हा प्रश्न कुणाला सुचला नाही. हजारो स्त्रिया अग्निशमन सेवेत आल्या. त्यांच्यातली गिलियन टॅनर पेट्रोलच्या डब्यांनी भरलेला ट्रक हाकत, बर्मंडसीच्या जळत्या रस्त्यांवरून पंपांना इंधन पोचवत होती. तिला जॉर्ज पदक मिळालं. पगार मात्र पुरुषांना आठवड्याला तीन पौंड आणि बायकांना दोन. युद्ध संपलं आणि बहुतेकींना घरी पाठवलं. त्यानंतर लंडनमध्ये प्रत्यक्ष आग विझवायला पहिली स्त्री आली ती १९८२ मध्ये. मधली साडेतीन दशकं बायकांचे हात गळून पडले होते की काय!

आणि आता घरी येऊ. म्हणजे माझ्या घरी, नागपूरला. लग्नानंतर मी हैदराबादला आले त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. संस्था १९५६ ची, केंद्रीय गृहमंत्रालयाची. देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे शिकतात. लहानपणापासून ते नाव ऐकलेलं, पण आपण तिथे अर्ज करू शकतो हे माझ्या किंवा माझ्या कुठल्याही मैत्रिणीच्या मनातसुद्धा आलं नाही. २००२ मध्ये ते नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर हिच्या मनात आलं, आणि ती तिथली पहिली विद्यार्थिनी झाली. मुलींचं वसतिगृहच नव्हतं. गाव नागपूर म्हणून ती घरून ये-जा करू शकली. जरा विचार करा, हीच मुलगी गोंदियाची किंवा बिदरची असती तर? तिला कुणी अडवलं नसतं, कुठला नियम दाखवला नसता. फक्त राहायला खोली नसती. हर्षिनी २००६ मध्ये ओएनजीसीत अग्निशमन अधिकारी म्हणून रुजू झाली.

न्यूयॉर्कला भिंत चाचणीची होती. आपल्याकडे ती बरेचदा खोलीची, संडासाची, कपडे बदलायच्या जागेची असते. किंवा पुरुषाच्या मापाच्या बुटांची आणि हातमोज्यांची. हातमोजा सैल असेल तर पाइप निसटतो. तो निसटला की म्हणणारे म्हणतात, बघा, पकड नाही.

हैदराबादला एका केंद्रावर मी एका निवृत्त फायरमन काकांना ताईंचा प्रश्न विचारला. ते हसले. म्हणाले, "माणसाला एकट्याने खांद्यावर टाकून आणणं सिनेमात जास्त असतं. आम्ही दोघं मिळून ओढत आणतो, धूर वर असतो म्हणून जमिनीलगत." म्हणजे आईला वाचवायला दोन माणसं लागतात, ज्यांना एकमेकांवर भरवसा आहे अशी. ताई, हे उरलेलं अर्धं उत्तर.

चेन्नईचं एक सांगते आणि थांबते. २००३ मध्ये तमिळनाडूच्या अग्निशमन दलात दोन स्त्रिया थेट अधिकारी म्हणून निवडल्या गेल्या. त्यांतल्या एक प्रिया रविचंद्रन. जानेवारी २०१२ मध्ये चेपॉकच्या एळिलगम इमारतीत, जुन्या कलस महालात आग लागली. प्रिया आपल्या जवानांसह आत होत्या. छत कोसळलं. एक जवान गेला, प्रिया गंभीर भाजल्या. त्या बऱ्या झाल्या आणि पुन्हा अग्निशमनाच्या कामावर आल्या.

पुढच्या भागात मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४ चा स्फोट. तुमच्या घरी त्या दिवसाची काही आठवण असेल, आजोबांनी सांगितलेली, पणजीने सांगितलेली, तर मला जरूर कळवा.