अक्रोडाच्या सावलीवरील आळ

वृक्षाची सावली म्हणजे परोपकाराचें प्रतीक, अशी भारतीय सुभाषितकारांची दृष्टि. परंतु प्राचीन रोममध्यें एका वृक्षाच्या सावलीवर मोठा आळ आला होता. हा वृक्ष अक्रोड. त्याचें लॅटिन नांव ‘युग्लान्स’, म्हणजे ज्यूपिटर देवाचें फळ. असें असूनहि इसवी सनाच्या पहिल्या शतकांत प्लिनी या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेवलें कीं, अक्रोडाची छाया जड व अपायकारक असून मनुष्याच्या मस्तकास आणि शेजारीं लावलेल्या सर्व रोपांस ती बाधते. याचें शास्त्रीय कारण मात्र पुढें अनेक शतकें कोणास सांगतां आलें नाहीं.

या कोड्याचा धागा अखेर रसायनशाळेंत सांपडला. अक्रोडाची हिरवी साल सोलणाऱ्याचे हात काळपट तपकिरी होतात आणि कितीहि धुतले तरी डाग लवकर जात नाहींत. इ. स. १८५६ मध्यें फोगेल आणि रायशाउअर या जर्मन रसायनज्ञांनीं या सालींतून एक रंगीत द्रव्य वेगळें केलें. तेंच पुढें ‘जुग्लोन’ या नांवानें प्रसिद्धीस आलें. १८८७ मध्यें बेर्न्थसेन व सेम्पर यांनीं तें कृत्रिम रीतीनें तयारहि केलें. मौज अशी कीं, मेंदीच्या पानांतील ‘लॉसोन’ हें रंगद्रव्य आणि जुग्लोन यांचें परमाणुगणित अगदीं एक आहे: कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ आणि ऑक्सिजनचे ३ परमाणु. भेद आहे तो त्यांच्या मांडणींतील एका जोडीच्या स्थानाचा.

आरोपाची खरी चौकशी झाली ती अमेरिकेंत, आणि तीहि रोमनांच्या अक्रोडाचें भावंड असलेल्या काळ्या अक्रोडाची. १८८१ सालीं स्टिकनी आणि हॉय यांनीं नोंदविलें कीं, या झाडाखालीं वनस्पति फार विरळ उगवतात. १९२५ मध्यें मॅसी यांस दिसून आलें कीं, टोमॅटो व लसूणघास यांचीं रोपें अक्रोडाच्या मुळांशीं संबंध आला असतां कोमेजून मरतात. संशय सावलीवरून मुळांकडे वळला. १९२८ मध्यें डेव्हिस यांनीं काळ्या अक्रोडांतील विषारी द्रव्य म्हणजे जुग्लोनच, असें दाखविलें. १९३७ मध्यें हान्स मोलिश या व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं एका वनस्पतीच्या दुसरीवर होणाऱ्या अशा रासायनिक परिणामास ‘ॲलिलोपथी’ हें नांव दिलें. हेच मोलिश १९२८-२९ मध्यें कलकत्त्याच्या बोस संशोधनमंदिरांत काम करून गेले होते.

मग या विषानें अक्रोडाचें स्वतःचें पान कां जळत नाहीं? जिवंत पानांत तें बहुतांशीं विषरूपानें नसतें. हायड्रोजुग्लोन नामक निर्विष व रंगहीन द्रव्य साखरेशीं बांधलेलें असतें. पान चुरगळलें कीं हा बंध सुटतो, हवेंतील ऑक्सिजनशीं संयोग घडतो, आणि रंग व विष दोन्ही प्रकट होतात. पानाचा वास मात्र निराळ्या द्रव्यांचा. त्यांतील अत्यल्प सुगंधी तेलांत टर्पेंटाईनमधील पाइनीन, लिंबाच्या सालींतील लिमोनीन आणि लवंगेंतील कॅरिओफिलीन हीं आढळतात. पानांत टॅनिनहि असल्यामुळें युरोपांत त्यांचा काढा त्वचेच्या किरकोळ दाहावर व हातापायांच्या अतिघामावर बाहेरून लावण्याची चाल आहे. पंजाब-काश्मीरकडे याच झाडाची साल ‘दंदासा’ म्हणून दांत घासण्यास व ओठ रंगविण्यास वापरतात.

तरीहि खटल्याचा निकाल पुरता लागलेला नाहीं. जुग्लोनचें विघटन करणारे जंतु मातींत असतात, असें १९८८ मध्यें प्रसिद्ध झालें. शिवाय रोमनांच्या अक्रोडांत हें द्रव्य काळ्या अक्रोडाहून कमी असतें. शेजारच्या रोपांच्या नाशांत जुग्लोनचा वांटा किती, आणि पाणी व प्रकाश यांसाठीं चालणाऱ्या चढाओढीचा किती, यावर अभ्यासकांत आजहि मतभेद आहेत. मस्तकास बाधणाऱ्या सावलीला तर रसायनशास्त्रानें आधार दिलेला नाहीं. प्लिनीची नोंद सर्वस्वीं खोटी नव्हती. बोट मात्र सावलीकडे दाखविलें गेलें, आणि विषाचें बीज दडलें होतें पानांत, सालींत व मुळांत. लोकांचा अनुभव मोलाची साक्ष देतो. निकाल प्रयोगावरच सोपवावा लागतो.